'के-नाइन' की 'टर्नर अँड हूच': चेंडू कुणाच्या खिशात?

परवा चुलत भावाचा फोन आला. त्याच्या चिरंजीवांनी पोलीस मैदानावर श्वान पथकाची प्रात्यक्षिकं पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. "पोलिसांतल्या कुत्र्याचा एखादा चांगला सिनेमा सांग. एकच सांग, यादी पाठवू नकोस," असं बजावून त्यानं फोन ठेवला.

यादी मीही पाठवणार नव्हतो. या विषयात गाडी फिरून फिरून दोनच नावांवर येऊन थांबते: 'के-नाइन' आणि 'टर्नर अँड हूच'. दोन्ही १९८९चे. पहिला एप्रिलच्या अखेरीस लागला, दुसरा बरोबर तीन महिन्यांनी, जुलैच्या अखेरीस. दोन्हींत एक हट्टी पोलीस आणि त्याच्या गळ्यात पडलेला एक कुत्रा. दोन्हींत कुत्रा साहेबांच्या झोपायच्या खोलीत घुसतो, दोन्हींत पोलिसाचा संसार कसाबसा मार्गी लागतो, आणि दोन्हींत कुत्र्याला शेवटी गोळी लागते. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ म्हणावेत इतकं साम्य. त्यामुळे यातला एक निवडायचा तर गोष्ट वाचून काही कळत नाही, बघावंच लागतं.

मी दोन्ही बघितले आहेत, आणि एकट्यानं नाही. गेल्या दिवाळीत मामा गुडघ्याच्या उपचारासाठी पंधरा दिवस आमच्याकडे होते. मामा म्हणजे पोलिसांतून निवृत्त झालेले, आणि त्यातली बरीच वर्षं श्वान पथकात हँडलर. आधी एक डॉबरमन सांभाळला, गुन्ह्याचा माग काढणारा. मग डॉली नावाची लॅब्रॅडॉर, स्फोटकं हुंगणारी. घरात दुसरी प्रेक्षक माझी नऊ वर्षांची मुलगी. बायको स्वयंपाकघरातून येऊन-जाऊन. मामांना इंग्रजी सिनेमातलं बोलणं फारसं उमगत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. हे मुद्दाम लिहिलं, कारण निकालात या गोष्टीचाही थोडा वाटा आहे.

आधी 'के-नाइन' लावला. पोलिसांतला कुत्रा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते यातच आहे. जर्मन शेफर्ड, ताठ कान, जेरी ली असं झोकदार नाव. डूली नावाचा सॅन डिएगोचा अमली पदार्थविरोधी पथकातला अधिकारी, म्हणजे जेम्स बेलुशी. सुरुवातीलाच हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून त्याच्या गाडीची चाळण केली जाते, आणि तिथून सिनेमा जो पळतो तो पळतच राहतो. डूलीला माल शोधायला नाक हवं असतं, म्हणून तो श्वान पथकातल्या ओळखीच्या माणसाकडून जेरी लीला मागून आणतो. शेजाऱ्याची मोटारसायकल आणावी तसा. पुढे दोघांची तू-तू मैं-मैं, मारामाऱ्या, खलनायकाच्या बंगल्याबाहेरची टेहळणी. कुठे कंटाळा येत नाही. जेरी लीचा चेहरा तर असा की कॅमेरा त्याच्यावर गेला की बेलुशीकडे कुणी बघत नाही. मुलगी पहिला अर्धा तास सोफ्याच्या कडेवर येऊन बसली होती.

बेलुशीची करमणूक मात्र तोंडाची आहे. तो बोलतो, टोमणे मारतो, कुत्र्याशी हुज्जत घालतो. त्यातले निम्मे विनोद मराठीत सांगेपर्यंत शिळे होतात, आणि उरलेल्यांतले काही नऊ वर्षांच्या मुलीसमोर सांगण्याजोगे नाहीत. अमेरिकेतही याला तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र आहे. 'टर्नर अँड हूच'चं त्याहून एक पायरी सौम्य. दोन-तीन ठिकाणी मी "ते काही नाही, ऑफिसचं बोलणं चाललंय" म्हणून वेळ मारून नेली. मोठ्या माणसांची बैठक असेल तर ही अडचण राहणार नाही, उलट तीच गंमत वाटेल.

मग ते गोदाम आलं. डूली जेरी लीला घेऊन एका गोदामात माल शोधायला जातो. मोठा साठा सापडेल अशी खात्री, सगळे कामगार बघतायत, आणि कुत्रा शोधून काढतो काय, तर एका कामगाराकडची गांजाची एक सिगारेट. सगळे हसतात, डूलीचं नाक कापलं जातं. आम्हीही हसलो. मामा हसले नाहीत. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "आरं, चेंडू कुठाय?"

मला कळेना. मी म्हटलं, "कसला चेंडू?"

"सापडलं ना त्याला? मग चेंडू?"

सिनेमा थांबवावा लागला आणि पुढची वीस मिनिटं मामांनी जे सांगितलं, त्यानं माझ्यापुरता तरी 'के-नाइन' निकालात निघाला. तुमच्या बाबतीत तसं होईलच असं नाही, पण सांगतो.

कुत्र्याला गांजा, अफू, आरडीएक्स यांतलं काही कळत नाही. त्याला कळतो चेंडू. पिल्लू असताना त्याच्या चेंडूशी त्या वासाची गाठ घालून देतात. हा वास आला की चेंडू मिळतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं, आणि ते बसवण्यात महिनेच्या महिने जातात. पुढे आयुष्यभर तो कुत्रा गुन्हेगार शोधत नसतो, बॉम्ब शोधत नसतो, आपला चेंडू शोधत असतो. वास सापडला की डॉली नुसती खाली बसायची आणि मामांकडे बघायची. स्फोटकांच्या कुत्र्याला बसायलाच शिकवतात. पंजा मारला, ओरबाडलं तर संपलंच सगळं. ती बसली की मामांचा हात उजव्या खिशात जायचा. तो चेंडू तिथेच असायचा, जागते-झोपते. मामी म्हणायची, यांच्या साऱ्या पँटींना उजव्या बाजूला पोक आलंय.

आणि चेंडू नुसता टाकून भागत नाही. हँडलरनं त्या क्षणी वेड्यासारखं खूश व्हावं लागतं. आवाज बारीक करून, नाचून, अंगाला अंग घासून. मामा मिशीवाले, सहा फुटी. असा माणूस रेल्वे स्टेशनवर शंभर लोकांसमोर पोरीच्या आवाजात "शाब्बास गं माझी बाय, शाब्बास गं माझी राणी" करत उकिडवा बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. नवीन भरती झालेल्या पोरांना याचीच लाज वाटते म्हणे. लाज गेली की हँडलर झाला.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. गणपतीच्या बंदोबस्तात दहा दिवस मांडव तपासायचे, सभेच्या आधी व्यासपीठ तपासायचं, आणि देवाच्या कृपेनं कुठे काही सापडायचं नाही. माणसाला बरं वाटतं, पण कुत्रं हिरमुसतं. दिवसच्या दिवस शोधून चेंडू मिळाला नाही की त्याचं मन उडतं, नाक चालेनासं होतं. म्हणून पाळी संपायच्या आधी हँडलर स्वतःच सरावाचा नमुना कुठेतरी लपवतो आणि कुत्र्याला तो सापडू देतो. "तिचा दिवस तोंडी लावल्याशिवाय संपवायचा नाही," हे मामांचे शब्द.

मुंबईच्या जंजीरचं नाव निघालंच. त्या पिवळ्या लॅब्रॅडॉरचं प्रशिक्षण पुण्यात शिवाजीनगरला झालं आणि १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं जे काम केलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स त्याच्या नावावर सांगतात. तो २०००च्या नोव्हेंबरात गेला, तेव्हा पोलीस अधिकारी त्याच्यावर फुलं वाहतानाचा फोटो पुढे कितीदा तरी फिरला. मामा म्हणाले, "लोक म्हणतात त्यानं मुंबई वाचवली. वाचवलीच. पण त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, मला चेंडू मिळाला."

इतकं ऐकल्यावर परत 'के-नाइन' चालू केला, आणि मग तो पूर्वीसारखा दिसेना. डूलीच्या खिशात चेंडू नाही. खाऊ नाही. आख्ख्या सिनेमात एकदा मनापासून "शाब्बास" नाही. मग कुत्रा काम का करतो? सिनेमाचं उत्तर असं, की कुत्रा माणसाहून हुशार आहे आणि त्याला सगळं कळतं. खलनायक कोण हे त्याला कळतं, डूली कधी खोटं बोलतोय हे कळतं, मैत्रीण घरी आली की मध्ये कडमडायचं हेही कळतं. एकदा-दोनदा मजा येते. पण सगळं कळणाऱ्या कुत्र्याला जोडीदार हवाच कशाला? तो चार पायांचा बेलुशी झाला. आणि डूली त्याला फिरवणारा ड्रायव्हर.

मला मान्य आहे, मी ताणतोय. तो विनोदी सिनेमा आहे, प्रशिक्षण केंद्राचा माहितीपट नव्हे. आणि सिनेमाला थोडी जाणीव आहेही. सुरुवातीला जेरी ली डूलीला भीक घालत नाही. पण ते हट्ट म्हणून, पाहुणा म्हणून नाही. मामांचा आक्षेप साधा होता, "दुसऱ्याचं कुत्रं आणलंय, आधी चार दिवस हातानं भरवायला नको? ते जेवणार तरी का?" सिनेमात ते पहिल्याच दिवशी जेवतं, भांडतं आणि कामाला लागतं. त्या रात्रीनंतर माझ्या मुलीनं एक खेळ सुरू केला. कुठल्याही सिनेमात, मालिकेत, जाहिरातीत कुत्र्यानं काही करून दाखवलं की ती ओरडते, "चेंडू कुठाय?" एकदा ही खोड लागली की सुटत नाही. ती तुम्हाला लावून ठेवतोय याबद्दल क्षमस्व.

दोन दिवसांनी 'टर्नर अँड हूच' लावला. आता गंमत बघा. काटेकोर बोलायचं तर हा पोलिसांतल्या कुत्र्याचा सिनेमाच नाही. हूच हा भंगाराच्या गराड्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा राखणदार. म्हाताऱ्याचा खून होतो आणि बघणारा एकटा हूच. म्हणजे तो साक्षीदार. साक्षीदाराला ताब्यात घ्यावं तसं टर्नर त्याला घरी आणतो. टर्नर म्हणजे टॉम हँक्स, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक झोपाळू गावातला पोलीस, टापटिपीचा इतका रोगी की त्याच्या घरात माशी शिंकली तर तो तिच्यामागे फडकं घेऊन धावेल. तीन दिवसांत त्याची मोठ्या शहरात बदली व्हायची असते. आणि या माणसाच्या घरात ते लाळेचं धरण येतं.

हूच हा फ्रेंच मास्टिफ. तोंड असं सुरकुतलेलं की वाटावं कुणीतरी ओली सतरंजी पिळून तशीच ठेवलीय. त्या कुत्र्याचं नाव बीझली. त्याला कुणी काही शिकवलेलं आहे असं सिनेमाभर वाटत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हूचला कुणी शिकवलेलंच नाही म्हटल्यावर "चेंडू कुठाय" हा प्रश्नच उद्भवत नाही. तो माल शोधत नाही, हुकूम पाळत नाही, टर्नरच्या मनातलं ओळखत नाही. त्याला भूक लागली की तो जे समोर येईल ते खातो. एकटा सोडला की घर फाडतो. आणि मालकाला मारणारा माणूस समोर दिसला की त्याच्या अंगावर धावतो. पोलीस चौकीसमोर एक लग्न चाललेलं असतं, त्या वऱ्हाडात त्याला तो दिसतो. मालकाचा मारेकरी कुत्र्यानं ओळखला, हे मानायला तर्काला कुठेही गाठ मारावी लागत नाही. आमच्या गल्लीतला कुत्रासुद्धा महापालिकेची गाडी दोन वर्षांनी ओळखतो.

(अर्थात इतका बेशिस्त दिसणारा कुत्रा पडद्यावर आणायला किती शिस्तीचा कुत्रा लागला असेल, याचा विचार केला की बीझलीच्या शिक्षकाला हात जोडावेसे वाटतात. त्याच्या खिशात चेंडू असणारच. फक्त तो आपल्याला दिसत नाही.)

घर दाखवतानाचा प्रसंग मला सगळ्यांत आवडतो. टर्नर हूचला खोलीखोलीतून फिरवून नियम समजावतो. ही तुझी खोली नाही. तीही तुझी नाही. अगदी भाडेकरूला सांगावं तसं, संपूर्ण वाक्यांत. हूच तोंड उघडं टाकून उभा, लाळेचा दोर जमिनीपर्यंत. कुत्र्याला काही कळलेलं नाही हे आपल्याला दिसतं, टर्नरला दिसत नाही. 'के-नाइन'मध्ये याच्या बरोबर उलट आहे. तिथे कुत्र्याला सगळं कळतं आणि माणूस बावळट. मला हूचची बाजू पटते. घरी कुत्रा पाळलेल्या कुणालाही पटेल.

पुढे रात्रीच्या टेहळणीचा प्रसंग येतो. गाडीत दोघेच. खाणं चाललंय आणि टर्नर कुत्र्याशी गप्पा मारतोय, इकडच्या-तिकडच्या, उत्तराची अपेक्षा न ठेवता. मी मराठीत सांगायला लागलो तर मामांनी हात वर केला, "राहू दे. कळतंय." आणि थोड्या वेळानं, "रात्रपाळीला आम्ही हेच करायचो. घरी बोललो नाही इतकं डॉलीशी बोललोय." मामी आता नाही. ते वाक्य मी तसंच सोडलं.

तर माझं पारडं कुठे झुकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. पण 'टर्नर अँड हूच' धुतल्या तांदळासारखा आहे असं मुळीच नाही. रहस्यात दम नाही. खरा चोर कोण हे पोलीस मुख्यालयात पहिल्यांदा कॅमेरा फिरतो तेव्हाच माझ्या बायकोनं सांगून टाकलं, आणि ती तेव्हा भजी तळत होती. पशुवैद्य बाईंशी टर्नरचं जमतं ते जमायचं म्हणून जमतं. शेवटची वीस मिनिटं वेगळ्याच कुणा सिनेमातून आणून जोडल्यासारखी वाटतात. चित्रीकरण सुरू झाल्यावर हेन्री विंकलरला बाजूला करून रॉजर स्पॉटिसवूडच्या हाती दिग्दर्शन दिलं गेलं होतं. सांध्यांचं कारण तेच असेल असं मी म्हणणार नाही, पण सांधे दिसतात. त्या बाबतीत 'के-नाइन' जास्त एकसंध आहे. जे करायचं ते तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो.

आता त्या गोष्टीकडे येतो जी लोक कुजबुजत सांगतात. सिनेमा पस्तीस वर्षांहून जुना झालाय आणि तुम्ही मुलाला दाखवायचा म्हणून विचारताय, तर लपवण्यात अर्थ नाही: हूच मरतो. जेरी ली वाचतो.

बहुतेक घरांत निवड इथेच होते आणि 'के-नाइन' जिंकतो. मला ते समजतं. माझीही तीच भीती होती. पण दोन्ही शेवट लागोपाठ बघितल्यावर वेगळंच झालं. 'के-नाइन'मध्ये डूली जखमी जेरी लीला घेऊन माणसांच्या इस्पितळात शिरतो आणि तिथल्या डॉक्टरला शस्त्रक्रिया करायला लावतो. मामा इथे मात्र खदाखदा हसले. "आमच्याकडं गोचीड काढायलासुद्धा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी लागायची." मग डूली खाटेशी बसून मोठं भाषण करतो, कुत्रा गेला असं त्याला वाटतं, आणि कुत्रा हालचाल करतो. मुलीनं टाळ्या वाजवल्या, आणि दहा मिनिटांत ती दुसरं काहीतरी बघायला लागली. दुसऱ्या दिवशी तिला त्या शेवटाबद्दल विचारलं तर आठवेना.

हूच गेला तेव्हा टाळ्या नव्हत्या. ती रडेल म्हणून मी हात पुढे करून बसलो होतो. ती चिडली. "त्यानं हूचला जॅकेट का नाही घातलं? पोलीस आहे ना तो?" असं टर्नरला, पडद्याकडे बोट दाखवून. मग आजोबांकडे वळून, "तुम्ही डॉलीला घालायचा का?" मामा म्हणाले, "आमच्या वेळी आम्हालाच नव्हती बाळा." आणि मग त्यांनी त्या डॉबरमनचं सांगितलं, जे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तो आजारी पडून गेला तेव्हा मामा तिसऱ्याच तालुक्यात बंदोबस्तावर होते. परत आले तर पिंजरा धुऊन झालेला. त्यांनी पट्टा आणि साखळी भांडारात जमा केली, वहीत सही केली आणि ड्युटीवर गेले. टर्नर निदान शेजारी होता, एवढंच ते म्हणाले.

हा प्रसंग ज्या सिनेमामुळे आमच्या घरात घडला त्याच्या बाजूनं मी थोडा कललेला असणार, हे उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

हिशेबाचं बोलायचं तर त्या वर्षी लोकांनीही कल दिलाच होता. अमेरिकेत 'टर्नर अँड हूच'नं सात कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, 'के-नाइन'नं चार कोटींच्या थोडा पुढे. पण गल्ल्यावर जाऊ नका. हँक्स आदल्याच वर्षीच्या 'बिग'मुळे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला होता, त्याचं नाव पाटीवर असणं हीच निम्मी विक्री. 'के-नाइन'चे पुढे आणखी दोन भाग निघाले, १९९९ आणि २००२ साली, थेट व्हिडिओसाठी. ते बघण्याची गरज नाही. 'टर्नर अँड हूच'ची २०२१मध्ये मालिका आली, त्या टर्नरच्या मुलाची. तीन भाग बघितले, पुढे गेलो नाही.

कुणी म्हणेल, चेंडूचंच एवढं असेल तर 'रेस्क्यूड बाय रूबी' का नाही? बरोबर आहे. नेटफ्लिक्सवर २०२२मध्ये आलेला हा सिनेमा ऱ्होड आयलंडच्या राज्य पोलिसांतल्या खऱ्या जोडीवर आहे. कुणाच्याच घरात न टिकलेली, पुन्हा पुन्हा निवाऱ्यात परत आलेली कुत्री, आणि श्वान पथकात घ्या म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालणारा, एका जागी न बसवणारा पोलीस. दोघं एकमेकांना शिकवतात. सराव, चुका, परीक्षेत नापास होणं, हे सगळं तिन्हींत फक्त यातच आहे. रूबीची भूमिका करणारा बेअर हाही निवाऱ्यातूनच आणलेला. मामांच्या तराजूत हाच वर यायला हवा होता.

पण मामा मध्येच झोपले. मला दोष देता आला नाही. सिनेमा सालस आहे, फार सालस. कुठे गहिवरायचं ते संगीत आधी सांगतं, मग प्रसंग येतो. सगळं खरं घडलेलं असूनही सगळं ठरवून घडल्यासारखं वाटतं. भावाचा मुलगा सहा-सात वर्षांचा असता तर मी डोळे मिटून हाच सुचवला असता. कुत्रा मरत नाही, शिवीगाळ नाही, हरवलेलं पोर सापडतं. तो अकरा वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी माणसाला लाळ आवडते.

बाकीच्यांत फार वेळ घालवू नका. चक नॉरिसचा १९९५चा 'टॉप डॉग' मी अर्ध्यावर सोडला. 'मेगन लीव्ही' चांगला आहे, पण तो लष्करातला, आणि त्याला वेगळी संध्याकाळ द्यावी.

भावाला मी फोनवर सांगितलं ते असं. मित्र जमणार असतील, पोरं झोपली असतील, नुसती धमाल हवी असेल तर 'के-नाइन' लाव, पैसे वाया जाणार नाहीत. मुलासोबत बसणार असशील तर 'टर्नर अँड हूच'. सुरुवातीला म्हाताऱ्याचा खून आहे, तेवढा त्याला आधी सांगून ठेव. शेवटी गोळीबार सुरू झाला की त्याच्या जवळ सरक. हूच गेला म्हणून टीव्ही बंद करायला उठू नकोस, आमच्याकडे बायको उठली होती आणि तिला थांबवावं लागलं. त्यानंतर थोडा सिनेमा अजून आहे, त्यात पिल्लं आहेत आणि त्यांतलं एक हुबेहूब बापावर गेलंय, तेही घर फाडायला लागलंय.

आणि पॉपकॉर्न पहिल्या वीस मिनिटांत संपवा. हूच एकदा घरात शिरला की कुणाच्या घशाखाली काही उतरत नाही.